डावीकडे जाणारे छर्रे

तिसरा बारही डावीकडेच गेला, तेव्हा भर पंगतीत उलट बोललेल्या सुनेकडे पाहावं तसं आबांनी हातातल्या बंदुकीकडे पाहिलं.

"हिच्यात खोट आहे," ते म्हणाले.

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या बाहेरची ती बंद पडलेली दगडाची खाण, आणि नोव्हेंबरातली शुक्रवारची दुपार. पस्तीस मीटरवर लाकडी चौकटीला कागद ताणून लावला होता. त्यावर एक मोठं वर्तुळ आणि मधोमध काळा ठिपका. छर्रे वर्तुळभर सारखे विखुरले, की बंदूक, काडतूस आणि माणूस या तिघांचं जमलं असं समजायचं. इथे वर्तुळ जवळजवळ कोरं होतं आणि कागदाच्या डाव्या कडेची चाळण झाली होती.

"थंडीनं हात आखडला असेल, आबा," सुधीर म्हणाला आणि नवा कागद लावायला धावला. त्याचं ते धावणं त्याच्या बहिणीला, लताला, बघवेना. बत्तीस वर्षांचा माणूस, हाताखाली पाच जर्मन, आणि बापाच्या एका 'हूं'साठी शाळकरी पोरासारखा पळत होता.

त्याला कारणही तसंच होतं. बारा वर्षांचा असताना आबांनी त्याला माळावर नेलं होतं आणि जखमी तित्तराची मान पिरगाळायला सांगितलं होतं. सुधीर तिथेच भडाभडा ओकला. आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त काडतुसांची पिशवी त्याच्या खांद्यावरून काढली आणि धाकट्या लताच्या खांद्यावर अडकवली. त्यानंतर आबांच्या, म्हणजे दिनकरराव इनामदारांच्या, शिकारीत त्यांच्या मुलाला कधी जागा मिळाली नाही. तो जर्मनीत आला, मोठ्या कारखान्यात लागला, सुधाशी लग्न करून तिला इकडे घेऊन आला, तरी ती पिशवी त्याच्या खांद्यावरून कुणीतरी काढतंय असंच त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं.

आता सुधाला सातवा महिना लागला होता. नातवंड बघायला म्हणून आबा बोटीनं आले, दिवाळीला हॅनोव्हरहून लताही आली. बटाट्याच्या रोगावर ती तिथे डॉक्टरेट करत होती, आणि 'एवढं शिकून शेवटी बटाटाच' हे वाक्य आबांकडून तिनं निदान दहादा ऐकलं होतं. सुधीरनं मात्र मनात वेगळाच बेत धरला होता. त्याचे वरिष्ठ हेगेले शिकारी माणूस. त्यांचं राखीव रान, त्यांच्या भाषेत रेव्हियर, गावापासून जवळच होतं. सुधीरनं त्यांच्याकडून आबांना उद्याच्या हाक्याचं आमंत्रण मिळवलं, परक्या पाहुण्याला लागतो तो शिकारीचा परवाना, याग्टशाइन, काढायला कचेरीचे खेटे घातले, हेगेलेंच्या भावाची दुनळी मागून घेतली. स्वतः त्यानं हाकाऱ्यांत नाव दिलं. म्हणजे उद्या बीटाच्या रानातून काठ्या आपटत, पक्षी उठवत, रांगेनं जे लोक बंदुकींच्या दिशेनं चालत येणार, त्यांत तो असणार होता.

हेगेले तासाभरापूर्वी बंदूक देऊन गेले ते आबांवर खूश होऊनच. दोन नळ्या, दोन चाप. नळीचं तोंड शेवटाला किंचित आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. जितकं आवळलेलं, तितके छर्रे लांबवर एकगठ्ठा जातात. या दुनळीची उजवी नळी अर्धी आवळलेली होती आणि डावी पुरी. हेगेलेंनी सवयीनं सांगितलं, "आधी उजवी, मग डावी."

"पायाखालून पक्षी उठत असेल तर," आबा आपल्या जुन्या वळणाच्या इंग्रजीत म्हणाले होते. "तो लांब जात असतो. हाक्यात तो आपल्याकडे येतो. म्हणून लांब असताना आधी आवळलेली नळी आणि डोक्यावर आला की मोकळी. चाप उलटे ओढायचे."

हेगेलेंनी टोपी मागे सारली. "गेनाऊ, अगदी बरोबर! माझ्या निम्म्या पाहुण्यांना हे कळत नाही." छऱ्यांवरूनही दोघांचं छान जुंपलं. आबांना अडीच मिलिमीटरचे बारीक हवे होते, संख्येनं जास्त बसतात म्हणून; हेगेले म्हणाले, थंडीतल्या फाझान पक्ष्याची पिसं दाट असतात, तीन मिलिमीटरशिवाय आत शिरत नाही. आबांनी मान तुकवली. ते ऐकताना सुधीरचा चेहरा असा फुलला होता, की लतालाही भरून आलं. आणि मग हेगेले गेले, आबांनी बंदूक खांद्याला लावली, आणि हे सुरू झालं.

"चोक फार आवळलाय," आबा म्हणाले. "मूठभर छर्रे एकाच जागी जातायत. मोकळ्या नळीनं बघू."

मोकळ्या नळीनं छर्रे जास्त पसरले, पण पसरले ते डावीकडेच.

"काडतूस दुसरं दे. ते पसरणारं."

सुधीरनं पुठ्ठ्याची फुली घातलेली काडतुसं काढली. त्यांतले छर्रे नळीबाहेर पडताच फाकतात. तेही डावीकडे फाकले. मग खांद्याला टेकायचा दस्ता आखूड आहे असं ठरलं. हेगेलेंच्या भावाचा हात आखूड असणार. सुधीरनं दस्त्याला कातडी गादी बांधली, गालाखाली रुमालाची घडी बसवली. आबा खांदा चोळत पुन्हा उभे राहिले. बार झाला, खाण दणाणली, कावळे उडाले, आणि कागदाची डावी कड फाटून लोंबायला लागली.

"हिची नळीच वाकडी," आबा म्हणाले. आवाज चढला होता.

सुधीर इंजिनिअर पडला. त्यानं गाडीतून वाळूच्या दोन पिशव्या आणल्या, बंदूक त्यांवर ठेवली, नेम ठिपक्यावर जुळवला आणि जमिनीवर पालथं पडून स्वतः चाप ओढला. वर्तुळ भरून गेलं. मधला ठिपकासुद्धा शिल्लक राहिला नाही.

बंदूक सरळ होती, चोक नीट होता, काडतुसं नवी होती. उरला माणूस.

लताला ते त्याच क्षणी कळलं, कारण तिला ते आबांनीच शिकवलं होतं. नऊ वर्षांची असताना तिचा प्रत्येक बार असाच एका बाजूला जायचा. आबांनी तिला समोर उभं केलं, स्वतःचा एक डोळा मिटला आणि म्हणाले, "दोन्ही डोळे उघडे ठेव आणि माझ्या उघड्या डोळ्याकडे बोट कर." बोट तिच्या डाव्या डोळ्यासमोर आलेलं पाहून ते हसून म्हणाले, "तुझा मालक डोळा डावा आहे गं. दोन डोळ्यांत एक मालक असतो, नेम तो धरतो. बंदूक उजव्या खांद्यावर आणि मालक डावा, मग छर्रे डावीकडेच जाणार." तेव्हापासून ती डाव्या खांद्यानं बंदूक धरायची. आबांचा मालक उजवा होता. होता, म्हणजे तेव्हा.

सकाळपासूनच्या कितीतरी गोष्टी तिला आता जागच्या जागी दिसल्या. चहाचा कप आबा बशीच्या कडेवर ठेवत होते. उजवीकडून सुधा आली की दचकत होते. पेपर डावीकडे सरकवून वाचत होते.

"आबा," सुधीर कागदावर पट्टी टेकवून म्हणाला, "चूक दर वेळी तेवढीच येतेय, एक हातभर. ही तर चांगली गोष्ट आहे. ठरावीक चूक दुरुस्त करता येते. तुम्ही ठिपका सोडून हातभर उजवीकडे धरा."

"दादा," लता म्हणाली.

"थांब गं. धरा, आबा."

आबांनी धरलं. बार झाला. वर्तुळ भरलं.

सुधीरनं आनंदानं टाळी वाजवली. आणि आबांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, त्याच्या पाठीवर थाप मारली. "डोकं आहे तुला," ते म्हणाले. सुधीरचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तो काडतुसांच्या टरफलांवर वाकला. सांगायचं सोडून लता चौकटीवरचा कागद सोडवायला गेली.

घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली. सुधा पोळ्या लाटत होती. पोटामुळे ओट्यापासून हातभर लांब उभी होती.

"काय झालं, वन्सं? चेहरा का असा?"

लतानं सगळं सांगितलं. सुधानं ऐकता ऐकता लाटणं खाली ठेवलं आणि गॅस बंद केला.

"आणि हे उद्या त्यांच्या समोरून चालत येणार?"

"हो."

"मग सांगत का नाही तुम्ही?"

"दादाला आज पाठीवर थाप मिळाली, वहिनी. वीस वर्षं थांबला होता तो त्याच्यासाठी."

"थाप मिळाली ती ठीक आहे हो. पण माझ्या बाळाला बाप धडधाकट हवा." सुधानं पिठाचे हात पदराला पुसले. "मी सून आहे. मी तोंड उघडलं तर मामंजींचा अपमान केला असं होईल, आणि हे मला जन्मभर ऐकवतील. तुम्ही लेक आहात. तुमचं ते ऐकतात."

"ऐकतात म्हणूनच सांगवत नाही."

सुधानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसती भीती होती, आणि लताला तीच जास्त लागली.

जेवायला बसल्यावर सुधीर थांबायलाच तयार नव्हता. हेगेले काय म्हणाले, कोण कोण येणार, संध्याकाळी मारलेले पक्षी ओळीनं मांडून शिंगं कशी फुंकतात. आबा मध्येच 'हूं' करत होते. सुधानं वाढलेली भाजी त्यांच्या ताटात उजवीकडे होती आणि तिला त्यांचा हातही लागला नव्हता.

"आबा," लता म्हणाली, "मला लहानपणी करायला लावलं होतंत ना, ते एकदा करा. माझ्या डोळ्याकडे बोट करा."

आबांचा घास हातातच राहिला.

"हे काय मध्येच?" सुधीर म्हणाला. "जेवू दे की त्यांना."

"करा ना, आबा."

"जेवण होऊ दे," आबा म्हणाले, पण त्यांनी घास ताटात परत ठेवला. ते तिच्याकडे पाहत राहिले. लताला वाटलं, आता ओरडतील, ताट सारून उठतील. माळावर चुकीच्या वेळी खोकली म्हणून त्यांनी माणसं घरी पाठवली होती. ते खरंच उठले. पण ओरडले नाहीत. भिंतीपाशी जाऊन उभे राहिले, तशी लताही उठून समोरच्या भिंतीपाशी गेली.

"मीट एक डोळा," ते म्हणाले.

तिनं मिटला. आबांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून उजवा हात सरळ पुढे केला. बोट हललं, थांबलं. बोटाच्या मागे त्यांचा डावा डोळा बरोबर झाकला गेला होता. उजवा मोकळाच होता, आणि दिव्याच्या उजेडात त्याच्या बुबुळावर पातळ चुन्यासारखं पांढुरकं काहीतरी दिसत होतं. तिला ते इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं, कारण आबांच्या डोळ्याला डोळा भिडवायची त्या घरात कुणाला सवयच नव्हती. क्षणभर तिला वाटलं, 'उजवा' म्हणून मोकळं व्हावं. उद्याचा एक दिवस निभावून जाईल. कदाचित.

"कोणता?" आबांनी विचारलं.

"डावा, आबा."

आबांनी हात खाली घेतला.

"मग त्यात काय?" सुधीर फार घाईनं बोलला. "डावा तर डावा. हातभर उजवीकडे धरायचं, ते जमलंय. मी स्वतः पाहिलंय कागदावर."

"कागद उडत नाही, दादा. आणि कागदाच्या मागून तू चालत येत नव्हतास."

"नियम आहे तिथे. उंच आलेल्या पक्ष्यावरच बार टाकायचा."

"पक्षी नियम वाचून उडतात का? खालून आला, घाईत खांद्याला बंदूक गेली, हातभर सोडायचं विसरले, तर? पस्तीस मीटरवर हातभर चुकतं. सत्तर मीटरवर किती?"

"दोन हात," सुधीर म्हणाला. हिशेब विचारला की उत्तर देणं त्याच्या रक्तातच होतं. उत्तर तोंडातून गेलं आणि मग त्याला ते ऐकू आलं. "तेवढ्या लांबून छऱ्यानं माणूस मरत नाही," तो हळूच म्हणाला.

"डोळा जातो," सुधा म्हणाली. तिनं पदर पोटावर घट्ट धरला होता.

"तू मध्ये पडू नकोस, सुधा."

"का नको पडू? उद्या दवाखान्यात तुमच्या उशाशी मीच बसणार ना?"

"लते, तुला हे आज, या वेळीच काढायचं होतं?" सुधीर बहिणीकडे वळला. डोळ्यांत पाणी आणि राग एकत्र होतं. "एक दिवस. एकच दिवस मी त्यांना देत होतो."

"ओरडू नकोस तिच्यावर," आबा म्हणाले.

ते परत खुर्चीत येऊन बसले. बसताना त्यांनी खुर्चीची पाठ हातानं चाचपली आणि आता ते लपवलंही नाही.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "गावाकडं आधी लावे चुकायला लागले. म्हटलं, काडतुसं दमट असतील. मग जुनी दुनळी विकून दुसरी घेतली. तिचाही बार डावीकडं. मग चोक बदलून आणला, दस्ता तासून घेतला. सुताराला शिव्या दिल्या, बिचाऱ्याची काही चूक नव्हती." ते थोडं थांबले. "सुधीरनं लिहिलं, इथं जर्मन बंदूक मिळेल. म्हटलं, हिच्यावर तरी बसेल. नातवंडासाठी आलो असं सगळ्यांना सांगितलं. तसा आलोही. पण बोटीवर पडल्या पडल्या मी बंदुकीचाच विचार करत होतो."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं, आबा?" लतानं विचारलं.

"कळलं असतं तर बोट करून बघितलं असतं की. तुला शिकवलेलं मला येत नव्हतं होय?" त्यांनी ताटाकडे पाहिलं. "नाही बघितलं. कधीच नाही."

"डॉक्टरला दाखवू आपण. इथे चांगले आहेत," सुधा म्हणाली.

"आत्मारामनं डोळा दाखवला होता. कापल्यावर गेला तो गेलाच." आत्माराम म्हणजे आबांचा पाठचा भाऊ. एका डोळ्यानं ओसरीवर बसून राहिला आणि चार वर्षांत त्यातच संपला. त्याचं नाव आबांनी किती दिवसांनी काढलं होतं.

"मग डाव्या खांद्यावर घ्या ना, आबा," सुधीर अजून सोडत नव्हता. "लता घेते तशी. किंवा डावा डोळा मिटून..."

"डावा मिटला तर तुझं तोंडही दिसत नाही मला." आबांनी हे इतकं साधेपणानं सांगितलं, की सुधीरचं बोलणं तिथेच संपलं. "उद्या तू रांगेत कुठं होतास रे?"

"तुमच्या डाव्या हाताला, टोकाशी," सुधीर म्हणाला. "तुमच्या बाजूला यावं म्हणून मागून घेतलं होतं."

आबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "हेगेलेंना मी सांगेन. तू मध्ये दुभाषेपणा करू नकोस."

सकाळी रानाच्या कडेला शेकोटी पेटली होती. बंदूकवाले हिरव्या कोटांत एका बाजूला आणि हाकारे दुसऱ्या बाजूला. हाकारे म्हणजे आसपासची शेतकऱ्यांची मुलं, दोन-चार म्हातारे आणि सुधीर. सुधा 'घरी बसून माझा जीव टांगणीला लागेल' म्हणून लताबरोबर आली होती. दोघी गाडीला टेकून उभ्या होत्या.

आबा कोटाची सगळी बटणं लावून हेगेलेंसमोर गेले आणि दुनळी दोन्ही हातांवर आडवी धरून त्यांना परत दिली.

"माझा उजवा डोळा गेला आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "काल कळलं. तुमच्या माणसांसमोर मी बंदूक धरू शकत नाही."

सुधीर जमिनीकडे पाहत होता. हेगेलेंनी बंदूक घेतली, डोक्यावरची टोपी काढली. "मिस्टर इनामदार, माझ्या शेजारी घडीचं स्टूल आहे. पाहुणे म्हणून बसा. मला आनंद होईल."

"बसायला नको," आबा म्हणाले. त्यांनी शेकोटीपलीकडे पाहिलं. "हाकाऱ्यांत एक माणूस जास्त चालेल?"

लताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. आबांनी जन्मभर हाके लावले, पण हाकाऱ्यांबरोबर कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या ताटाला ताट लावून कधी जेवले नव्हते. हेगेले काही बोलायच्या आत एका पोरानं आपली काठी पुढे केली आणि आबांनी ती घेतली.

शिंग वाजलं. रांग बीटाच्या पाल्यात शिरली. टोकाला आबा होते, त्यांच्या डावीकडे सुधीर. काठ्या आपटत, ओरडत सगळे निघाले. आबांचा आवाज त्या जर्मन गलक्यातही वेगळा कळत होता. माळावर हाकाऱ्यांना हुकूम देताना असायचा तोच खणखणीत सूर. सुधानं लताचा हात धरला.

शेताच्या मध्यावर आबांच्या उजवीकडे, अगदी पायापाशी, एक फाझान फडफडत उठला. सगळ्या रांगेनं माना वर केल्या. आबांनी आवाज ऐकला, थबकले आणि आकाशात भलतीकडेच पाहत राहिले. पक्षी त्यांच्या डोक्यावरून केव्हाच निघून गेला होता. समोर दोन बार झाले.

रांग पुढे सरकली. सुधीर दोन पावलं मागे राहिला, आबांच्या पाठीमागून वळला आणि त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन चालू लागला.